वाघमारेबाईंचं राजधानी दर्शन

जोगेश्वरीच्या लेण्यांत पहिल्यांदा माइक हातात घेतल्यावर वाघमारेबाई जे बोलल्या, ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

“इथल्या बोर्डवर लिहिलंय की ही लेणी सहाव्या शतकातली आहेत. मी तेव्हा नव्हते. तुमच्यापैकी कोणी होतं का?”

बसमधून उतरलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पुढे उभ्या असलेल्या एका आजोबांनी तर खरंच विचार करून ‘नाही’ अशी मान हलवली.

“मग बोर्डवर विश्वास ठेवायला हरकत नाही,” बाई म्हणाल्या. “आत अंधार आहे, पायाखाली बघून चला. हे मात्र मी स्वतः बघितलंय.”

मी मागे पाण्याच्या बाटल्यांचा खोका घेऊन उभा होतो. मनात म्हटलं, सावंत, वाट लागली. संध्याकाळी जिग्नेशभाई बाईंना काढणार आणि बाईंना आणलं म्हणून तुलाही काढणार.

जिग्नेशभाई आमचे मालक. अंधेरी पूर्वेला एका झेरॉक्सवाल्याच्या पोटमाळ्यावर त्यांची टूर कंपनी होती. बुकिंग घेणं, बस धुवून घेणं आणि प्रवाशांबरोबर पाणी घेऊन फिरणं हे माझं काम. आधी आम्हीही चारचौघांसारखं मुंबई दर्शन करायचो. पण फोर्टात बस उभी करायला जागा मिळायची नाही. पोलीस शिट्टी वाजवत हाकलायचे, मग बस गोल गोल फिरत राहायची आणि खिडकीतून लोक तोच एक पुतळा पुन्हा पुन्हा बघायचे. एकदा प्रवासी म्युझियमच्या आत होते आणि बसला वळायलाच मिळेना म्हणून ती थेट दादरला पोचली. त्या दिवशी जिग्नेशभाईंनी निर्णय घेतला.

“सावंत, राजधानी म्हणजे काय खाली फोर्ट आहे? अंधेरी काय गुजरातमधे येते?”

अशी आमची ‘राजधानी दर्शन : कला आणि इतिहास’ ही एक दिवसाची टूर सुरू झाली. जोगेश्वरीची लेणी, गोरेगावला फिल्मचे सेट बनवणाऱ्यांची गल्ली, बसमधूनच दिंडोशीचं कोर्ट आणि शेवटी बोरिवलीच्या जंगलात कान्हेरी. कोर्टात ऐतिहासिक काय आहे असं मी विचारलं, तेव्हा जिग्नेशभाई म्हणाले, “माझी केस तिथे चालू आहे. किती वर्ष झाले माहिती आहे?” पत्रकावर फोटो गेटवेचा होता आणि खाली बारीक अक्षरांत ‘चित्र प्रातिनिधिक आहे’ असं लिहिलेलं होतं.

सगळं जमलं, गाइड तेवढा नव्हता. तेव्हा मी वाघमारेबाईंचं नाव सुचवलं.

बाई बोरिवलीला आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहायच्या. मूळ साताऱ्याकडच्या, पण लहानपणापासून मुंबईतच. एका मोठ्या बस आगारात चौकशीच्या खिडकीवर त्यांनी सगळी नोकरी काढली होती. निवृत्त झाल्यावर संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर बसायच्या. एकदा मी सहज विचारलं, “काय बाई, आराम चालू आहे ना?” तर म्हणाल्या, “आराम कसला रे. दिवसभर कोणी काही विचारतच नाही. सुनेला काही विचारायचं असलं की ती फोनला विचारते. मी शेजारीच बसलेली असते.”

मला ते लागलं. म्हटलं, ह्यांना गाइड करू, लोक दिवसभर विचारतील.

लोक विचारायचेच. पण बाईंची उत्तरं द्यायची पद्धत आगारातली होती. खिडकीच्या काचेला खाली जे अर्धगोल भोक असतं, त्यातून बोलायची त्यांना सवय. त्यामुळे उघड्या मैदानातसुद्धा कोणी प्रश्न विचारला की त्या किंचित वाकायच्या, मान डावीकडे कलती करायच्या आणि मग बोलायच्या. समोरचा माणूसही नकळत वाकायचा. लेण्याच्या दारात दोन माणसं मधे काहीही नसताना वाकून बोलतायत, हे लांबून बघणाऱ्याला काय वाटत असेल कोण जाणे. शिवाय प्रश्न विचारायला रांग लावावी लागे. उत्तर दिलं की बाई “पुढे” म्हणायच्या. रांग मोडून मधेच कोणी तोंड घातलं, तर त्या ऐकूच येत नाही असं दाखवायच्या.

त्यांच्याकडे माहितीचे तीनच प्रकार होते. ‘बोर्ड म्हणतो’, ‘लोक म्हणतात’ आणि ‘मी बघितलंय’. ह्यातलं काहीच नसेल तर ‘माहीत नाही’. आणि हे ‘माहीत नाही’ त्या इतक्या ठणठणीत आवाजात म्हणायच्या, की ऐकणाऱ्याला काहीतरी मिळाल्यासारखं वाटायचं. मी एकदा त्यांना समजावायला गेलो.

“बाई, थोडं काहीतरी सांगायचं हो. राजा होता, राणी होती. कोण तपासायला येतंय?”

“सावंत, चुकीची माहिती दिली की माणूस चुकीच्या गावाला जातो. माहीत नाही म्हटलं की फक्त चिडतो. चिडलेला माणूस बरा. निदान समोर तरी असतो.”

गोरेगावच्या सेटवाल्यांच्या गल्लीत तर त्या फारच रंगात यायच्या, कारण तिथलं सगळं त्यांनी स्वतः बघितलेलं होतं. त्या गल्लीत थर्माकोलचे खांब, प्लायवूडचे राजवाडे, फायबरच्या तोफा उन्हात वाळत पडलेल्या असतात. एक पेंटर नव्या कोऱ्या भिंतीवर ब्रशनं भेगा काढत बसलेला असायचा. लोक त्याला विचारायचे, ही भिंत किती जुनी? तो म्हणायचा, “जेवणानंतर जुनी होईल.”

एकदा सोलापूरच्या एका आजींनी तिथल्या भल्यामोठ्या देवाच्या मूर्तीपुढे पदर पसरला. डोळे मिटून काहीतरी मागायला लागल्या. बाई शांतपणे जवळ गेल्या, वाकल्या, मान कलती केली.

“आजी, हा देव भाड्याचा आहे. उद्या परत जाणार.”

आजींनी एक डोळा उघडला. “कुठं जाणार?”

“माहीत नाही.”

“मग आजच मागून घेते,” असं म्हणून आजींनी डोळा पुन्हा मिटला. बाईंनी सगळ्यांना हातानं मागे सारलं आणि आजींचं मागून होईपर्यंत कोणालाही पुढे येऊ दिलं नाही. पेंटरचा रेडिओ चालू होता, तोही बंद करायला लावला.

कान्हेरीला मात्र बाई माइक बंद करून पर्समध्ये ठेवायच्या. “इथे बघा. मी काही सांगत नाही,” एवढंच म्हणायच्या. त्यांच्या घरचे सगळे बुद्धपौर्णिमेला तिथे यायचे, त्या लहान होत्या तेव्हापासून. मोठ्या चैत्यात प्रवासी फोटो काढत असताना त्या एका खांबाला हात लावून उभ्या राहायच्या. तिथे त्यांना कोणी प्रश्न विचारलेला मी बघितला नाही. का ते मला सांगता येणार नाही.

तक्रारी येणार होत्याच, त्या आल्या. ‘गाइडला काहीच माहीत नाही आणि त्या ते माइकवरून सांगतात,’ असं नाशिकच्या एका गृहस्थानं लिहून पाठवलं. जिग्नेशभाईंनी मग आपला भाचा हार्दिक याला कामाला लावलं. हार्दिक ओशिवऱ्याला मालिकांचे संवाद लिहायला जायचा. लिहिलेले संवाद कोणी घ्यायचं नाही, म्हणून तो नेहमी मोकळाच असायचा. त्यानं एका दिवसात लेण्यांचा सगळा इतिहास लिहून काढला. त्यात एक राणी होती, एक विश्वासघातकी सेनापती होता, आणि जोगेश्वरीपासून कान्हेरीपर्यंत जाणारं एक गुप्त भुयार होतं. बाईंनी ते कागद वाचले, घडी घातली आणि हार्दिकला परत दिले.

“छान आहे. पण ह्यातलं काहीच मी बघितलेलं नाही, आणि बोर्डवरही नाही.”

हार्दिक गप्प बसला नाही. त्यानं भुयार पत्रकात छापून टाकलं. गेटवेच्या फोटोखाली, ठळक अक्षरांत.

पुढच्याच रविवारी सांगलीकडचे निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या बायका अशी भरलेली बस आली. त्यांचे पुढारी देसाई सर. गणिताचे. लेणी बघून झाली तसे ते पत्रक हातात घेऊन रांगेत पहिले उभे राहिले.

“बाई, भुयार दाखवा.”

“मी बघितलेलं नाही.”

“पत्रकात आहे.”

“पत्रक आमचंच आहे. त्याला बोर्डचा मान नाही.”

“मग लोक काय म्हणतात?”

“ते लोकांना विचारावं लागेल.”

“विचारा की मग!” देसाई सर म्हणाले.

दुसरी कोणी असती तर विषय बदलला असता. बाईंनी माइक पर्समध्ये टाकला आणि निघाल्या. लेण्याला लागूनच वस्ती आहे. त्या वस्तीच्या गल्ल्यांतून बाई पुढे, मागे सगळी सांगली आणि शेवटी खोका घेऊन मी. पहिल्या दारात एक बाई पापड वाळत घालत होत्या.

“भुयार ना? आहे तर. थेट कान्हेरीला निघतं. माझ्या सासऱ्यांनी बघितलेलं.”

“सासरे कुठेत?”

“वारले.”

“पुढे,” बाई म्हणाल्या, आणि आम्ही पुढे गेलो.

पिठाच्या गिरणीवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे भुयार वसईला निघत होतं. इस्त्रीवाल्याला ते घोडा जाईल एवढं मोठं असल्याची खात्री होती. सलूनवाल्यानं मात्र गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस तसाच ठेवून, वस्तरा रोखून नेमका पत्ता दिला. “परबांच्या घरात तोंड आहे त्याचं. त्यांनी समोर कपाट लावलंय. विचारा, सांगणार नाहीत.”

परबांचं घर कातळाला टेकून बांधलेलं होतं. दार उघडं होतं आणि बाहेर चपलांचा ढीग. बाईंनी विचारलं, “येऊ का?” आतून कोणीतरी घाईघाईनं “या, या, या!” म्हणालं. आम्ही आत गेलो.

आत मुलगी बघण्याचा कार्यक्रम चालू होता.

परबांची शीतल पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती. समोर मुलुंडचे राणे, त्यांची बायको आणि संकेत नावाचा त्यांचा मुलगा. आमच्याकडे बघून परबांना वाटलं, ही मुलाकडची माणसं. राण्यांना वाटलं, मुलीकडची. दोघंही उठून उभे राहिले आणि दोघांनीही आम्हाला “बसा बसा” केलं. सांगलीची माणसं पडली भिडस्त. बसा म्हटल्यावर बसली. खाटेवर, जमिनीवर, मोरीच्या कट्ट्यावर, उरलेली दारात. पोहे संपले. शेजारणीनं आणखी टाकले. मी काय करणार, पाण्याच्या बाटल्या वाटायला लागलो. त्यामुळे तर कार्यक्रमाला एकदम रीतसरपणा आला.

“चाय येताहा, जरा दम धरा,” परब मला हळूच म्हणाले. “एवढी माणसां येतली म्हणून बोलल्यात नाय ओ आधी!”

तिकडे राणे खूश झाले होते. “गोत मोठं दिसतंय मुलीचं,” असं ते बायकोला म्हणाले आणि वाघमारेबाईंकडे वळले. “आपण मुलीच्या कोण?”

“गाइड.”

“अस्सं. घरात मार्गदर्शन करणारं कोणीतरी पाहिजेच. मुलगी स्वभावानं कशी आहे?”

“माहीत नाही.”

परबांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

“बरं. घरकामाची आवड?”

“माहीत नाही.”

“लग्नानंतर नोकरी सोडेल का पण?”

“तेही माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “पण ती समोरच उभी आहे. तिला विचारू या.”

आणि त्या वाकल्या. मान डावीकडे कलती केली. शीतलही हातातल्या ट्रेसकट वाकली.

“तुला हा मुलगा पसंत आहे का गं?”

शीतलनं एकदा वडिलांकडे बघितलं, एकदा संकेतकडे. तिचे कान लाल झाले होते. मग ती म्हणाली, “मला माहीत नाही. आत्ताच तर बघितलं ना मी.”

“शीतल!” परब ओरडले.

राण्यांचा चेहरा पडला. “म्हणजे नाही म्हणते ही?”

“नाही म्हणाली नाही,” बाई म्हणाल्या. “माहीत नाही म्हणाली. दोन्ही बस वेगळ्या आहेत.”

राणे काही बोलणार, एवढ्यात इतका वेळ पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढत बसलेला संकेत एकदम म्हणाला, “मला पण माहीत नाही.” त्याच्या आईनं तोंडावर हात ठेवला. पण तो पोरगा असा सैलावला, की जणू कोणीतरी त्याच्या पाठीवरचं पोतं उतरवून घेतलं. शीतल त्याच्याकडे बघून पहिल्यांदा हसली.

“झालं मग,” बाई म्हणाल्या. “दोघांना वेळ द्या. उत्तर तयार नाही. तयार झालं की सांगतील.”

आता भांडण जुंपणार, असं मला वाटत होतं. परब दारापाशी येऊन उभे राहिले होते आणि कोण कुठली माणसं ही, याचा त्यांना संशय यायला लागला होता. पण तेवढ्यात मागून दणकन आवाज आला. देसाई सरांनी इतर दोन शिक्षकांना हाताशी धरून परबांचं कपाट सरकवलं होतं.

मागे भुयार नव्हतं. ओला कातळ होता, आणि फटीत शीतलच्या आईची कधीतरी हरवलेली एक वाटी होती. आई वाटी बघून म्हणाली, “अगो बाय माझे!” सगळे मान उंचावून बघायला लागले, राणेसुद्धा. वाघमारेबाई जवळ गेल्या, कातळावरून हात फिरवला, पर्समधून माइक काढला आणि त्या एवढ्याशा खोलीत माइकवरून जाहीर केलं, “भुयार नाही. आता मी बघितलंय.”

सांगलीनं टाळ्या वाजवल्या. राण्यांनीही वाजवल्या, का ते त्यांनाही कळलं नसेल.

दुसऱ्या दिवशी परब ऑफिसात येऊन तासभर ओरडून गेले. पण त्यानंतरच्या रविवारी शीतलनं आमच्या टूरची एक सीट बुक केली आणि संकेतनं वेगळ्या नंबरावरून दुसरी. ती पुढे बसली, तो अगदी मागे. जोगेश्वरीला ते बोलले नाहीत. गोरेगावला तिनं त्याचा फायबरच्या तोफेबरोबर फोटो काढला. कान्हेरीला दोघं एकाच पायरीवर बसून वडापाव खात होती. बाईंनी बघितलं आणि मला म्हणाल्या, “तिकडे पाणी द्यायला जाऊ नकोस.” वर्षभरानं त्यांचं लग्न झालं आणि परबांनी आम्हाला पत्रिका दिली. पण तोवर बाई आमच्याकडे राहिल्या नव्हत्या.

झालं असं की देसाई सरांनी गावी जाऊन आमच्या टूरचं कौतुक लिहिलं. लेणी ठीक, सेटची गल्ली बरी, पण ‘स्थानिक कुटुंबातला मुलगी बघण्याचा अनुभव’ अविस्मरणीय. ते वाचून जिग्नेशभाई खुर्चीतून उठले.

“दर रविवारी ठेवायचं!”

“काय?” मी विचारलं.

“मुलगी बघायची!”

हार्दिकनं ओशिवऱ्याहून कामाच्या शोधात असलेली एक मुलगी आणि एक मुलगा आणले. परबांच्याच शेजारची खोली ठरवली. पोहे खरे, बाकी सगळं लिहिलेलं. बाईंना बोलावून सगळं समजावून सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

“हे खोटं आहे असं प्रवाशांना सांगणार का?”

“सांगितलं तर मजा काय राहिली, वाघमारेबेन?”

“गोरेगावला देव भाड्याचा आहे असं मी सांगते. तरी लोक हात जोडतात. तुम्ही सांगून बघा.”

“ना, ना. सांगायचं नाही.”

बाईंनी पर्समधून माइक काढला. त्याची वायर नीट गुंडाळली, वर रबर लावला आणि टेबलावर ठेवला. जिग्नेशभाईंनी थांबवायचा बराच प्रयत्न केला. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, माणूस वाईट नव्हता. बाई “येते” म्हणाल्या आणि पोटमाळ्याचा जिना उतरल्या. मी रिक्षापर्यंत सोडायला गेलो. “बाई, जरा विचार करा ना, पुन्हा त्या बाकावर बसून राहणार का?” असं मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले होते. “बसेन की,” म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

हार्दिकचा कार्यक्रम जेमतेम काही रविवार चालला. नवरा झालेल्या पोराला मालिकेत काम मिळालं आणि त्यानं येणं बंद केलं. म्हणून हार्दिक स्वतःच नवरा होऊन बसायला लागला. कोल्हापूरच्या बायकांच्या ग्रुपला तो फारच पसंत पडला. त्यांनी त्याचा नंबर घेतला, पुढच्या आठवड्यात दोन भाच्यांचे फोटो आले, आणि एक मामा तर पत्रिका घेऊन थेट झेरॉक्सच्या दुकानात येऊन उभे राहिले. जिग्नेशभाईंनी टूर बंद करून टाकली. आता तिथे ते कुरिअरचं काम घेतात.

बाईंच्या मुलानं पुढे मुलुंडला घर घेतलं आणि त्या तिकडे गेल्या. फोन करू करू म्हणत राहून गेलं.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते कान्हेरीलाच. गावाहून माझे चुलते-चुलती आले होते, त्यांना घेऊन मी एका बुधवारी वर गेलो होतो. गर्दी नव्हती. वरच्या अंगाला भिक्षूंच्या राहण्याच्या छोट्या छोट्या खोल्या आहेत, तिथे एक तरुण गाइड आठ-दहा जणांना घेऊन उभा होता. “इथे भिक्षू राहायचे,” तो सांगत होता, “आणि आत जो दगडी ओटा दिसतोय ना, त्याच्यावर झोपायचे.” लोक एकेक करून दारातून आत डोकवायला लागले. पहिला माणूस डोकावला आणि दोन पावलं मागे आला. दुसरीनं डोकावून हात जोडले.

मी गेलो. ओट्यावर वाघमारेबाई झोपल्या होत्या. कुशीवर, पर्स उशाला, पदर पायांवर ओढून घेतलेला. बारीक घोरत होत्या. त्या दगडावर एवढी गाढ झोप कशी लागते कोण जाणे, पण लागली होती.

गाइडनं तोंडावर बोट ठेवलं. सगळा ग्रुप चवड्यांवर चालत पुढच्या लेण्याकडे गेला, एक शब्द न बोलता. चुलते म्हणाले, “ओळखीच्या आहेत का? उठव की.” मी त्यांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी येतो.

खोलीच्या दाराबाहेर बाईंच्या चपला होत्या, जोडीनं नीट लावून ठेवलेल्या. त्यांच्यापासून हातभर अंतरावर एक माकड बसलं होतं आणि त्या चपलांकडे टक लावून बघत होतं. मी पायरीवर बसलो. ते जरा पुढे सरकलं. मी चपला उचलून मांडीवर घेतल्या आणि बसून राहिलो.